नवव्या हिरवळीवरचा ठिपका

सोमवार, ४ मार्च

प्रिय बाळ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगतो, की घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी आई सकाळपासून दोनदा माझ्यावर खेकसली, म्हणजे तीही ठणठणीत आहे. काहीतरी वाईट कळवायला लिहितोय असं समजू नकोस. जुनं उकरून काढायलाही लिहीत नाही. लिहितोय ते एका गमतीपायी.

दादाची भुंगी तुला ठाऊक आहेच. दादा तिला घेऊन तुझ्याकडे येतो तेव्हा ती प्रश्न विचारून तुझं डोकं खात असेलच. आता ती पंधराची झाली आणि तिने गोल्फची स्पर्धा भरवायची ठरवली आहे! घरात कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. परवा जेवताना म्हणाली, "आजोबा, तुमच्या मैदानावर साठ माणसं खेळायला बोलावली तर गवताला त्रास होईल का?"

मी म्हटलं, "गवताला नाही होणार, सेक्रेटरीला होईल."

कारण असं, की तिच्या वर्गात एक मुलगी आहे. पाय जन्मापासून साथ देत नाहीत, पण जीभ चौघींची आहे. आम्ही तिला राणीसरकार म्हणतो. या राणीसरकारांना पोहायचं आहे. तलावावरचा रखवालदार म्हणाला, मी उचलून पाण्यात सोडतो. ती म्हणाली, "मी पोतं नाही." आता अशी एक खुर्ची मिळते, की तीत बसायचं, दांडा फिरवायचा, आणि ती अलगद पाण्यात उतरवते नि पुन्हा वर आणते. वीज लागत नाही, नळाच्या पाण्याच्या दाबावर चालते. पाणी माणसाला उचलतं कसं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. भुंगीने माहितीपत्रक आणून दिलं ते चार दिवस उशाशी ठेवून वाचलं. बियाण्यांच्या पाकिटांवरून आणि खताच्या पोत्यांवरून वाचायला शिकलेला माणूस मी. असलं काही हाती लागलं की सुटत नाही. आता थोडंसं कळलंय.

तर त्या खुर्चीच्या पैशांसाठी स्पर्धा. गोल्फच का, असं मी विचारलं. भुंगी म्हणाली, "क्रिकेटवाले ओरडतात, फुटबॉलवाले धावतात. गोल्फवाले चार तास निवांत चालतात. चालणाऱ्या माणसाशी बोलता येतं, आजोबा."

या पोरीला हे कोणी शिकवलं?

तुला उत्तर लिहायलाच हवं असं नाही. वाचलंस तरी पुरे.

तुझा,
बाबा


रविवार, १७ मार्च

प्रिय बाळ,

आईला तू फोनवर विचारलंस म्हणे, "बाबांना झालंय काय?" मी खोलीत आलो की तुझी आई नुसती "हो, हो, बरं" करते, त्यावरून फोन कोणाचा ते मला कळतं. ती म्हणाली, "काही नाही झालं, नातीने कामाला जुंपलंय." म्हणजे पत्र पोचलं.

क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांपुढे भुंगी शाळेच्या गणवेशात बसली. ते म्हणाले, "बेटा, आमच्या सभासदांना सवय नाही अशा गोष्टींची." ती म्हणाली, "मग सवय लावायला किती दिवस लागतील?" आणि वही उघडून पेन्सिल घेऊन बसली, जसं काही ते आकडाच सांगणार आहेत. साहेब हसले आणि तिथेच फसले. एप्रिलचा शेवटचा शनिवार मिळाला.

मग मी तिला मैदान दाखवायला नेलं. माळीकामातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण फाटकावरचा माणूस अजून मला सलाम करतो. तिला सगळ्यात नवल वाटलं ते होलचं. तिला वाटायचं, होल एकदा पाडलं की ते कायमचं तिथेच.

"रोज हलवतात? मग कालच्याचं काय होतं?"

मी नव्या माळ्याकडून होल पाडायचा कटर मागून घेतला. नवा म्हणजे कसला, डोक्यावर टक्कल पडलं त्याच्या. कटर दाबून फिरवला, गवतासकट मातीचा गोल ठोकळा बाहेर काढला, तो कालच्या होलमध्ये बसवला, पायाने हलकेच दाबला, पाणी शिंपडलं. झालं, जुनं होल गायब. भुंगी गुडघ्यावर बसून सांधा शोधत राहिली. सापडला नाही तिला. खरं सांगतो, मला अजून त्या गोष्टीचा अभिमान आहे.

मग विचारायला लागली, की रोजची जागा कोण ठरवतं? मी सांगितलं, एरवी माळी ठरवतो, पण मोठ्या स्पर्धेला कमिटी चिठ्ठी देते. हिरवळीच्या पुढच्या काठापासून इतकी पावलं, डाव्या काठापासून इतकी. आदल्या संध्याकाळी त्या जागी पांढऱ्या रंगाचा बोटाएवढा ठिपका देतात. सकाळी माळी ठिपक्यावर कटर ठेवतो.

"आणि ठिपका?"

"तो ठोकळ्याबरोबर निघून जातो."

ते वहीत लिहून घेऊन तिने विचारलं, "आत्याला खेळायला तुम्ही शिकवलंत ना?"

मी म्हटलं, ती आपली आपणच शिकली.

"मग सोडलं का?"

मी म्हटलं, मोजणी खात्यात नोकरी लागली, कामाच्या व्यापात राहून गेलं.

तिने माझ्याकडे अशी मान वाकडी करून पाहिलं, की मी पाण्याची झारी भरायला गेलो. झारी भरलेलीच होती.

तुला एक विचारायचं होतं. तुमचं ते तिपाईवरचं यंत्र असतं, त्यातून जमिनीचा उतार कितपत बारीक कळतो? बोटभर? की त्याहून कमी? मला आयुष्यभर उतार पायांनीच कळला. यंत्राला काय दिसतं, याचं कुतूहल वाटतं.

तुझा,
बाबा


मंगळवार, २ एप्रिल

प्रिय बाळ,

उत्तर नाही, तरी लिहितो. हात थांबत नाही.

स्पर्धा आता चांगलीच पेटली आहे. बेकरीवाला पाव देणार, दाताचा डॉक्टर स्वतः खेळणार आणि वर म्हणतो, "हरलो तर एकाचा दात फुकट काढीन." राणीसरकार माइकवर बसणार आहेत. त्यांनी जाहीर केलंय, की जो वाईट फटका मारील त्याचं नाव त्या दोनदा घेतील. दादा गावभर कागद चिकटवत फिरतोय. वहिनी म्हणते, घरात फक्त भांडी गोल्फ खेळत नाहीत, बाकी सगळे लागलेत.

आणि एक स्कूटरवाला भेटला. त्याने बोर्ड लावायचं कबूल केलं, की तिसऱ्या होलवर जो एका फटक्यात चेंडू घालील त्याला नवी कोरी स्कूटर. भुंगी आनंदाने उड्या मारत होती. तो मला गवत कापायच्या यंत्राच्या शेडमागे घेऊन गेला.

"आजोबा, तुम्ही जुने जाणते. जरा कोपऱ्यात घ्या की होल. उगाच कशाला कोणाचं नशीब फळफळवायचं?"

मी म्हटलं, "स्कूटर द्यायची नसेल तर बोर्ड उतरवा. होलला कशाला कामाला लावता?"

तो "गंमत केली हो" म्हणत गेला. मागे वळतो तर शेडच्या दारात भुंगी.

"आजोबा, तसं करता येतं? मुद्दाम?"

"करता येतं."

"तुम्ही कधी केलंत?"

यावर मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "चल, तुझी आई वाट बघत असेल." चाळीस वर्षं ज्या शेडमध्ये काढली, तिथून पळ काढल्यासारखा निघालो.

घरी आल्यावर तिने माझ्या वह्या मागितल्या. तुला आठवतात का? रोज सकाळी कुठे होल पाडलं ते मी लिहून ठेवायचो. दव, पाऊस, गवताचा रंग, सगळं. तिला पाहायचं होतं, की एप्रिलमध्ये कुठल्या जागा चांगल्या टिकतात. मी पेटी उघडून दिली. नाही कसं म्हणणार होतो?

त्या पेटीत तेवीस वह्या आहेत. तिला लागणारी एकच असेल असं मी स्वतःला समजावतोय.

तुझा,
बाबा


शुक्रवार, ५ एप्रिल

बाळ,

सापडलं तिला.

तुझ्या स्पर्धेच्या त्या दिवसाच्या पानाला कमिटीची चिठ्ठी टाचलेली होती. नवव्या हिरवळीसाठी तीत लिहिलंय, पुढून अकरा पावलं, मधोमध. खाली माझ्या अक्षरात, मागून पाच, उजवीकडून चार. भुंगी दोन्हीवर बोट ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "हे जुळत नाही, आजोबा."

बावीस वर्षं ते पान मी फाडलं नाही. तोंडाने खोटं बोललो, पण वहीत खोटं लिहायला हात धजावला नाही. एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि ते फार नाही.

तुला जे सांगायला हवं होतं ते आता सांगतो. पत्र फेकून द्यावंसं वाटलं तर एवढं वाचून फेक.

त्या सकाळी नळावर दोघे सभासद तोंड धूत होते. मी मागे होतो हे त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणाला, "बाप होल पाडणार, लेक चेंडू घालणार. घरचाच कारभार." दुसरा हसला. ते हसणं माझ्या कानशिलात बसलं. मी कटर उचलला आणि नवव्यावर गेलो. ठिपका मधोमध होता, सोपा. मी त्याला ओलांडून मागे गेलो, उजवीकडे, जिथून जमीन वाळूच्या खड्ड्याकडे घसरते. सगळ्यांनाच अवघड जागा. पण तुला जास्त अवघड, हे मला ठाऊक होतं. भुंगीला काहीही सांगितलं असलं, तरी तुला शिकवलं मीच, आणि त्या उतारावर मीच कितीदा म्हटलं होतं, बाळ, इथे तुझा डोळा चुकतो.

मला वाटलं, इथूनही जिंकली तर कोणाला बोलायला जागा राहणार नाही. खरं तर लोकांनी बोलू नये, हे मला माझ्यासाठी हवं होतं. तुझ्या फटक्यांची किंमत देऊन मी माझं नाव स्वच्छ ठेवलं.

तुला तिथे, शेवटच्या हिरवळीवर, दोन फटके पुरेसे होते. दोन लागले असते तर पहिली, तीन लागले असते तर बरोबरी. चार लागले. जिंकणारीला मिळायची ती प्रशिक्षणाची जागा दुसऱ्या मुलीला गेली. मी शेडमध्ये पात्यांना धार लावत बसलो होतो. बाहेर आलोच नाही. टाळ्या पडल्या त्यावरून कळलं, की त्या तुझ्यासाठी नाहीत.

संध्याकाळी तू दारात उभी राहून विचारलंस, "बाबा, नवव्याची जागा तुम्ही ठरवलीत?"

मी म्हटलं, "कमिटीने."

तू "बरं" म्हणालीस. महिन्याने नोकरी धरून गेलीस. तेव्हापासून तू आईशी बोलतेस आणि मी दुसऱ्या खोलीत बसतो.

कमिटीने नाही. मी.

बाबा


शनिवार, २० एप्रिल

प्रिय बाळ,

तू भुंगीला लिहिलेलं पत्र तिने मला वाचून दाखवलं. तिने तुला परस्पर लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पानाची नक्कलही पाठवली म्हणे, तुमच्या खात्याला लागते तशी, तारखेसकट. त्या पोरीला वकील व्हायला सांगितलं पाहिजे.

तुझ्या पत्रात दोनच गोष्टी होत्या. पहिली, "नवव्यावर होल मागून पाच, उजवीकडून चार, तिथेच पाडा. मला वाटलं तर मी नंतर येऊन बघेन." दुसरी, "आजोबांना सांग, ठिपका मी तेव्हाच पाहिला होता."

भुंगीने वाचलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. मला काही क्षण समजलंच नाही.

मग लख्ख दिसलं. होल दुसरीकडे पाडलं, तर ठिपका ठोकळ्याबरोबर निघून कसा जाईल? तो हिरवळीच्या मधोमध तसाच राहिला असणार, दिवसभर, उन्हात. एवढी वर्षं हे काम केलं, आणि नेमका तो ठिपका खरवडायचा विसरलो. खेळणाऱ्याला हिरवळीवर फक्त झेंडा दिसतो. ठिपका दिसायला माळ्याचीच लेक लागते.

म्हणजे दारात उभी राहून तू विचारलंस तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. तू जागा विचारत नव्हतीस.

मी दोन दिवस हे घेऊन नुसता बसलो. तुझ्या आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला काय सांगता? मला तिने त्याच रात्री सांगितलं होतं." मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? "बोलायचं तुम्ही होतं. मी कशाला तुमच्या वाटचं बोलू?"

बावीस वर्षं एका घरात राहून ही बाई गप्प राहिली! मला अजून आश्चर्य वाटतंय.

आता अडचण नवीच. सेक्रेटरीसाहेब म्हणतात, शेवटच्या हिरवळीवर एवढी अवघड जागा दिली तर पाहुणे वैतागतील आणि पुढच्या वर्षी येणार नाहीत. भुंगीचा जीव टांगणीला लागलाय. खुर्चीला अजून थोडे पैसे कमी पडताहेत, ते त्या दिवशी जमायचे आहेत. मी तिला म्हटलं, "बेटा, जागा बदलू या. आत्याला मी समजावीन."

ती म्हणाली, "तुम्ही? तुम्ही समजावणार?"

मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, "होल तिथेच. आत्याने सांगितलंय. फक्त कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

तुझा,
बाबा


रविवार, २८ एप्रिल

प्रिय बाळ,

काल स्पर्धा झाली. सगळं सांगतो, थोडं लांबेल.

पहाटे नव्या माळ्याने कटर माझ्या हातात दिला आणि स्वतः दूर जाऊन उभा राहिला. मी मागच्या काठापासून पाच पावलं मोजली, उजवीकडून चार. माझी पावलं आता आखूड झालीत, म्हणून भुंगीने दादाची पट्टी आणून पुन्हा मोजलं. वहीतल्या त्या पानाखाली आजची तारीख घालून तेच आकडे लिहिले. या वेळी दोन्ही जुळतात.

साठ म्हटले होते, एकाहत्तर आले. राणीसरकार पांढरी टोपी घालून माइकवर. दाताच्या डॉक्टरचा चेंडू तिसऱ्या होलवर झेंड्याच्या काठीला आपटला आणि वीतभर मागे आला. स्कूटरवाल्याचा चेहरा त्या दोन क्षणांत असा झाला, की डॉक्टरने त्याला पाणी पाजलं. होल मी मधोमध पाडलं होतं.

नवव्यावर मात्र बोंबाबोंब. एकेकाचा चेंडू होलच्या तोंडाशी यायचा, जरासा विचार केल्यासारखा थांबायचा आणि सावकाश वाळूच्या खड्ड्याकडे निघून जायचा. पहिले काही हसले. पुढचे चिडले. एक जाडजूड गृहस्थ पाच फटके मारून झाल्यावर ओरडले, "अरे, कोणत्या शहाण्याने ही जागा निवडली?"

सेक्रेटरीसाहेब भले माणूस. ते पुढे झाले आणि गोड आवाजात म्हणाले, "जागा कमिटीने ठरवलीये, साहेब."

बाळ, तेच शब्द. अगदी तेच.

मी दोरीच्या अलीकडे लोकांत उभा होतो. हात वर केला. शाळेतही कधी गेलो नाही, त्यामुळे हात वर करायची सवय नाही, जरा वाकडाच गेला असेल. म्हटलं, "कमिटीने नाही. ही जागा माझी. बावीस वर्षांपूर्वी चिठ्ठीत दुसरी जागा होती आणि मी मुद्दाम इथे होल पाडलं. माझी लेक इथे हरली. आणि मी तिला सांगितलं, कमिटीने ठरवली."

ते जाडजूड गृहस्थ हातातली काठी जमिनीला टेकवून माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "लेक काय करते आता?"

"जमीन मोजते."

"बरोबर," ते म्हणाले. "मोजायलाच हवी ही." आणि सहावा फटका मारला. गेला आत.

पुढचे खेळाडू दोरीपाशीच थबकले होते. तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "आजोबांचं बोलून झालंय. पुढचे खेळाडू, या आता, उन्हात कशाला उभे राहताय?" तेव्हा कुठे सगळे हसले आणि मला बसायला कोणीतरी स्टूल दिलं. दिवसभरात सगळ्यात जास्त लोक नवव्याभोवतीच जमले. ज्यांचं खेळून झालं होतं तेसुद्धा तो उतार बघायला परत आले. शेवटी भुंगीने एक डबा ठेवला, की पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर डब्यात पैसे टाका आणि मारा. खुर्चीसाठी जे कमी पडत होतं ते त्या डब्याने भरून काढलं. खुर्चीची ऑर्डर उद्या जातेय. राणीसरकार म्हणतात, पहिली उडी त्यांची, दुसरी माझी, कारण पाणी माणसाला उचलतं कसं ते मला आतून बघता येईल.

रात्री तुझा फोन आला. मी खोलीत गेलो आणि या वेळी तुझी आई "हो, हो, बरं" म्हणाली नाही. तिने मोठ्याने सांगितलं, "सगळ्यांसमोर बोलले. हो. हात वर करून. नाही, कोणी सांगितलं नव्हतं." मग बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "पुढच्या रविवारी येतेय. यंत्र घेऊन. तो उतार खरंच तेवढा आहे की तिचा डोळा चुकला होता, ते मोजायचंय म्हणते."

मी म्हटलं, "आणखी काही म्हणाली?"

"म्हणाली, काठी धरायला माणूस लागेल. न हलता उभं राहणारा."

तेव्हापासून मी भुंगीला विचारून विचारून बेजार केलंय, की ती काठी कशी धरायची. तिने तिच्या पुस्तकात बघून सांगितलं, की जी जागा मोजायची तिथे आकड्यांची उंच काठी सरळ उभी धरायची, ना पुढे झुकवायची ना मागे. मोजणारा लांबून यंत्रातून काठीवरचा आकडा वाचतो. तो वाचेपर्यंत धरणाऱ्याने जागा सोडायची नाही.

नवा माळी आज ते होल बुजवणार होता. मी त्याला रविवारपर्यंत थांबवलं आहे. आठ दिवस ठेवलं की होलचा काठ झिजतो, म्हणून मी रोज सकाळी जाऊन कात्रीने काठाचं गवत नीट करीन. आजही करून आलो.

गाडी किती वाजता पोचते ते आईला कळव. मी थेट मैदानावरच असेन, नवव्यावर, मागून पाच, उजवीकडून चार. तू लांब यंत्र लाव, हवा तितका वेळ घे. तू बघत असशील तोवर मी हलणार नाही.

तुझा,
बाबा